दावं काढून विकलेली बोट

रविवार, संक्रांतीनंतरचा दुसरा. स्थळ: आमचं शेत, तालुका अंबड. हजर: मी, भास्करदादा (माझा थोरला भाऊ, बोटीचा मालक), सुनंदावहिनी (त्याची बायको, शेडची मालकीण), नाना (आमचे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर, बैलांचे जाणकार), शांतिलालशेठ (गिऱ्हाईक क्रमांक एक, जालन्याहून), प्रणाली (गिऱ्हाईक क्रमांक दोन, देवगडहून), दोन बैल, एक म्हैस. गैरहजर: समुद्र.

आमच्या शेडमध्ये एक कॅटमरान होती आणि ती विकायची होती. एवढंच काम होतं. मी जालन्यात एका बियाणे कंपनीचं डिस्पॅच सांभाळते. पेरणीच्या तोंडावर तिथं ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत जाते, आणि आजवर माझा परतूरचा माल भोकरदनला गेला असं झालेलं नाही. (एकदा झालंय. पण त्या ड्रायव्हरची सासरवाडी भोकरदनला होती, त्याला यादी काय करणार.) सांगायचं म्हणजे, एक बोट विकणं मला अवघड वाटत नव्हतं.

कॅटमरान ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्या तालुक्यात सगळ्यांसाठी, थोडक्यात सांगते. दोन लांब, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या. त्यांच्यावर तीन तुळया आडव्या टाकायच्या. मध्ये बसायला फळ्या, वर डोलकाठी आणि शीड. दादाच्या बोटीतली खास गोष्ट अशी की तुळया होड्यांना बोल्टनं जोडलेल्या नव्हत्या, दोरानं आवळून बांधलेल्या होत्या. मोठ्या लाटेत बोट थोडी हलली पाहिजे, म्हणजे मोडत नाही, असं दादाचं म्हणणं. हे दोराचं तेवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

दादा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर माणसं देवस्थानाच्या ट्रस्टवर जातात. दादा कोचीला गेला आणि ही तेवीस फुटी बोट घेऊन बसला. तिचं नाव त्यानं आमच्या नदीवरून ‘दुधना’ ठेवलं. (नदीत आठ महिने पाणी नसतं, तेव्हा त्या नावाचं कुणीतरी कायम पाण्यात असावं, असा त्याचा विचार.) या दुधनेतून तो एकदा मालदीव करून सेशेल्सपर्यंत गेला आणि एकदा अंदमानच्या पलीकडं. दोन्ही वेळा परत आला. शेजारपाजारचे कौतुकानं विचारायचे, “कसं होतं हो?”

“वारा होता,” दादा सांगायचा. प्रवासवर्णन संपलं.

मग त्याचा गुडघा गेला. नवा बसवला तेव्हा डॉक्टरांनी जिने जपून चढायला सांगितलं. समुद्राबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण जालन्यात तसं विचारणारा पेशंट त्यांना भेटला नसावा. समुद्राबद्दल वहिनीनं सांगितलं. बोट तेव्हा कोकणात लावलेली होती, तिथं किनाऱ्यावर पावसात पडून राहिली असती, म्हणून कोकणात सळई टाकून रिकामा परतणारा एक ट्रक दादानं गाठला, बोट सोडवून तुकड्यांत घरी आणली, आणि गुडघ्याला पट्टा बांधून शेडमध्ये पुन्हा जोडली. तीन दिवस लागले. “सुटी कामून ठेवली न्हाईस?” असं नानांनी विचारलं तर म्हणाला, “बांधलेलीच बरी दिसते.”

दोन वर्षं ती बांधलेलीच बरी दिसत होती. सकाळी दादा चहा घेऊन तिच्याजवळ बसायचा. वहिनीची तूर पावसात भिजायची, कारण शेडमध्ये बोट. यंदा वहिनीनं जाहीर केलं की हरभरा घरात यायच्या आत शेड रिकामं पाहिजे, आणि दादानं वाद घातला नाही. फक्त म्हणाला, “पाण्यात जाणार असेल तरच द्यायची.”

जाहिरात मी लिहिली. ‘विकणे आहे. कॅटमरान. एकहाती वापर. महासागरी सफरी दोन. कागदपत्रं क्लिअर.’ फोन नंबर माझा दिला, कारण दादा फोन उचलत नाही. पहिल्या आठवड्यात आलेले सगळे फोन वहीत नोंदलेले आहेत.

“ताई, एव्हरेज काय देती?”

“वाऱ्यावर चालते.”

“ते ठीक हाय. पण डिझेलला काय देती?”

दुसऱ्या एकानं ती उलटी करून गोठ्यावर टाकता येईल का ते विचारलं. पण सगळ्यांत वरचा नंबर घनसावंगीकडच्या एका गृहस्थांचा.

“शेततळ्यात चालंल का?”

“तेवीस फूट लांब आहे. तुमचं शेततळं केवढंय?”

“तीस.”

“मग ती जाणार कुठं?”

“जायचं कुठं हाय तिला? हुबी ऱ्हाऊ द्या. पाव्हण्यायला दाखवू.”

हा किस्सा मी ऑफिसात डबा खाताना रोज नव्या माणसाला सांगितला. अकाउंटवाल्या बाईंना ठसका लागला, इतका तो रंगला होता.

खरं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शांतिलालशेठ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून आमच्या घरचा कापूस त्यांच्याच अडतीवर. आता ते अंबड रोडवर फॅमिली रेस्टॉरंट काढून राह्यले होते. बोट पाहून ते इतके खूश झाले की दोन वेळा प्रदक्षिणा घातली.

“बिलकुल छतावर चढवतो, भास्करराव. खाली लायटिंग, वर चार टेबल. लोकं समंदरात बसून पावभाजी खातील.”

“आणि पाणी?” दादानं विचारलं.

“बाजूला कारंजं लावतो ना.”

दादा आत निघून गेला. शेठना वाटलं चहा सांगायला गेला.

दुसरं गिऱ्हाईक फोनवर आलं. बाईचा आवाज होता. तिनं एव्हरेज विचारलं नाही. सुकाणूची पाती लाकडी आहेत का, तळाला शेवटचा रंग कधी दिला, तुळया कशानं बांधल्यात, असे तीन प्रश्न एका दमात आले आणि मी फोन दादाकडं दिला. दादा पाऊण तास बोलला. (लग्नानंतर आपल्याशी सलग एवढं कधी बोलला नाही, असं वहिनीचं म्हणणं आहे. तारीख तिनं लिहून ठेवली आहे.) ही प्रणाली. देवगडची, घर मासेमारीवाल्यांचं, स्वतः पर्यटकांना समुद्रात डायव्हिंग शिकवणारी. तिला एकटीला हाताळता येईल अशी शिडाची बोट हवी होती, लक्षद्वीपला जायला.

तेव्हा मी आणि वहिनीनं दादाकडून शब्द काढून घेतला. रविवारी प्रणाली येऊन पाहील. तिनं घेतली तर उत्तम. नाही घेतली तर सोमवारी सकाळी शांतिलालशेठची क्रेन येईल आणि दुधना पावभाजीला जाईल. दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “बरं.”

मी यादी केली. एकतीस कामं, प्रत्येकापुढं नाव. क्र. १: शेड झाडणे — वहिनी. क्र. ३: नाश्ता, धपाटे-दही-ठेचा — मी. क्र. ९: शिडं उन्हात घालणे — दादा. क्र. १७: दोर — नाना. एवढंच लिहिलं होतं. म्हणजे होडीत, फळ्यांवर जे दोर इकडंतिकडं पडले होते ते धुऊन, गुंडाळून नीट ठेवायचे. नानांना दोरातलं कळतं म्हणून त्यांचं नाव.

शनिवारी दुपारी मी गोडाऊनला, समोर तीन ट्रक, आणि नानांचा फोन.

“मंगल, जनावर उद्याच दाखवायचंय ना?”

नाना विकाऊ असेल त्या सगळ्याला जनावर म्हणतात. ट्रॅक्टर विकला तेव्हाही म्हणाले होते.

“हो नाना, उद्याच.”

“मंग दावी काढून घेतो सकाळी.”

“काढा. सगळी काढा, एकपण राहू देऊ नका.”

“बराबर,” नाना समाधानानं म्हणाले. “तुला कळतंय. भास्करला इचारलं असतं तर उगं फाटे फोडले असते त्यानं.”

मी क्र. १७ समोर खूण केली. माझा नियम आहे, माल डोळ्यानं पाहिल्याशिवाय खूण करायची नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच हा नियम मी त्या दुपारी मोडला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि जनावराला बांधून न्यायचं. विकणाऱ्यानं आपलं दावं सोडून घेऊन गोठ्यात खुंटीला टांगायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. बोटीलाही ते लागू आहे, हे तेवढं माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी दादा आणि वहिनी प्रणालीला आणायला जालना स्टेशनवर गेले. मी धपाट्यांचा डबा घेऊन साडेआठला शेतावर पोचले. शेडमध्ये दुधना नव्हती. म्हणजे होती, पण दोन होत्या. एक होडी टायरांवर कशीबशी उभी, दुसरी कुशीवर कलून वहिनीच्या तुरीच्या काड्यांना टेकलेली. तीन तुळया एकीला एक लावून ठेवलेल्या. फळ्यांची थप्पी. नाना हौदावर हात धूत होते.

“चौदा निघाली,” ते म्हणाले. “चौदा दावी म्हंजी जनावर लई मस्तीचं असलं पायजे.”

“नाना, बोट सुटली.”

“सुटणारच की. दावं काढल्यावं जनावर सुटत न्हाई का?”

“अहो पण ती त्या दोरांवरच होती.”

“व्हय, माझ्या ध्यानात आलं ते.” नानांनी हात पुसले. “तिसऱ्या गाठीला लाकूड कुरकुरलं. पण तूच म्हन्ली व्हतीस, एकपण ऱ्हाऊ देऊ नका. मंग काढली सगळी.”

चौदाच्या चौदा वेटोळी गोठ्यात खुंट्यांना ओळीनं टांगलेली होती. प्रत्येकाला हळदीचं बोट लावलेलं होतं. म्हैस त्यांच्याकडं पाहत होती. मी एक वेटोळं काढायला हात वर केला.

“मंगल.” नाना एवढंच म्हणाले. मी हात खाली घेतला. मग त्यांनी समजावून सांगितलं, “एकदा टांगलेलं दावं परत त्याच जनावराला न्हाई. सौदा फिसकटतोय.”

“सौदा असाही फिसकटणारच आहे, नाना. अर्ध्या-पाऊण तासात पाहुणी येईल आणि तिला दोन होड्या दिसतील.”

“मंग दोन इक.”

दादाला फोन करावा का, हा विचार मी केला आणि सोडला. त्याला काय सांगणार? गाडी लेट असेल, अशी आशा होती. वहिनीचा मेसेज आला: गाडी वेळेवर. वर्षभरात ती गाडी वेळेवर आल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

तेव्हा मी डिकी उघडली. डिस्पॅचच्या माणसाच्या डिकीत बॅग असो नसो, पॅकिंगचं सामान असतं. निळ्या प्लॅस्टिक पट्टीची दोन रिळं, पट्टी आवळायचं हँडल, आणि बियाण्याच्या खोक्यांना लावायचा पिवळा चिकट टेप. मी नानांना म्हटलं, “दोर नाही ना चालत? पट्टी चालेल?”

नानांनी पट्टी बोटांत घेऊन पाहिली. “हे दावं न्हाई,” त्यांनी निर्णय दिला. “चालंल.”

कललेली होडी ओढायला बैल आणले. “जनावरानं जनावर वढायचं,” म्हणत नानांनी साखळी अडकवली. बैलांनी आयुष्यात नांगर, वखर, गाडी, सगळं ओढलं होतं, पण त्यांनी होडीकडं वळून पाहिलं आणि मग माझ्याकडं. ओढली मात्र. तुळया चढवल्या. मी दर जोडावर चार-चार पट्ट्या मारल्या, हँडलनं आवळल्या, वरून पिवळा टेप गुंडाळला. माझ्या हातचं पार्सल आजवर फुटलेलं नाही, असं स्वतःला सांगत होते, तेवढ्यात शांतिलालशेठ आले. मापं घ्यायला ते अकराला येणार होते. हातात मोजायची टेप आणि पेढ्यांचा पुडा होता.

दुसरी होडी अजून नीट बसायची होती. शेठ थबकले.

“अरे वा. दोन केल्या का? हे तर फर्स्टक्लास काम झालं, बाई. एक गेटच्या हिकडं, एक तिकडं. मधातून गाड्या जातील.”

“शेठ, ही एकच आहे. जोडते आहे.”

“राहू द्या ना, कशाला जोडता? खर्चा वाचला माझा. क्रेनलाबी सोपं.”

मी त्यांच्या हातात पट्टीचं टोक दिलं आणि घट्ट धरायला सांगितलं. मनमोकळा माणूस आहे. आपल्या विरोधातल्या कामाला त्यांनी दहा मिनिटं पट्टी धरली, पेढे काखेत घेऊन.

शेवटची पट्टी कापली आणि गाडी फाटकातून आत आली.

प्रणाली उतरली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, पाठीला मोठी सॅक. नमस्कार झाले. मी धपाट्यांचा विषय काढला, ती म्हणाली आधी बोट. होडीला तिनं बोटानं टकटक केलं आणि कान लावला. एक हात पुढं सरकली, पुन्हा टकटक, पुन्हा कान. नाना माझ्याजवळ सरकले.

“बाई कान लावून बघती,” ते पुटपुटले. “शेठनं अजून नुसती टेपच लावली.”

दादा काठी टेकत मागून आला. त्यानं निळ्या पट्ट्या पाहिल्या. मग माझ्याकडं पाहिलं. मग टेपवर छापलेलं वाचलं. टेपवर आमच्या कंपनीचं नेहमीचं वाक्य होतं: ‘कोरड्या व थंड जागी ठेवावे.’ समुद्रावर वाढलेल्या बोटीला हे वाक्य सोळा ठिकाणी लागलं होतं.

“हे काय?” दादानं विचारलं.

“यादीत होतं,” मी म्हणाले.

तो तुळईजवळ गेला. जिथं दोर होता तिथं लाकडावर पांढरट, गुळगुळीत खाचा पडल्या होत्या, बांगड्यांनी मनगटावर पडतात तशा. त्या खाचांवरून त्यानं अंगठा फिरवला. दादाला मी लहानपणापासून ओळखते. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“चढू का वर?” प्रणालीनं विचारलं.

“नको,” मी म्हणाले, पण तोवर ती चढली होती.

पहिली पट्टी तुटल्याचा आवाज बारीक होता. टक. मग टक, टक. मग माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाच्या सगळ्या पट्ट्या एका पाठोपाठ एक सुटत गेल्या. प्रणालीचा एक पाय या होडीवर, एक त्या होडीवर, आणि दोन्ही होड्या सावकाश, काही घाई नसल्यासारख्या, एकमेकींपासून लांब जायला लागल्या. शेठनी डोळे मिटले. बैलांनी कान टवकारले. प्रणालीनं खाली पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला, आणि ऐनवेळी डावा पाय उचलून उजव्या होडीवर जाऊन बसली. तुळया एकेक करून खाली आल्या. शेवटी उरलेली एक फळीही पडली.

“दोर कुठायत?” तिनं विचारलं.

“दोर इकायचे न्हाईत,” नाना म्हणाले.

मग नानांनी रीत सांगितली. तब्येतीत सांगितली, त्यांच्या आजोबांच्या एका बैलासकट. वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती, हसू की रडू ते मला ठरवता येत नव्हतं. कथा संपल्यावर शांतिलालशेठनी धीर दिला.

“मला दोराचं काही न्हाई, नाना. तुमची दावी तुमच्यापाशी ठेवा. मी लोखंडी अँगल टाकून वेल्डिंग करून घेतो.”

वेल्डिंग हा शब्द ऐकला आणि दादा वळून बाहेर गेला. हौदाच्या कठड्यावर जाऊन बसला, पाठ आमच्याकडं. उद्या क्रेन येणार होती. क्रेनचा वायदा मीच लिहून घेतला होता, तोही वेळेसकट. माझ्या वहीत आयुष्यात पहिल्यांदा असं एक काम होतं जे वेळेवर होऊ नये असं मला वाटत होतं. मी प्रणालीकडं वळून माफीचं काहीतरी बोलायला लागले, पण नाना पुढं झाले.

“पोरी,” ते म्हणाले, “तू जनावर न्यायला आल्ती ना?”

“बोट बघायला आले होते.”

“तेच ते. मंग तुझं दावं आणलंस का?”

प्रणालीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग होडीवरून खाली उतरली, सॅक उघडली, आणि टॉवेलाखालून दोराचं एक मोठं वेटोळं बाहेर काढलं. नवा पांढरा दोर, मधून निळा धागा.

“आणलाय की,” ती म्हणाली. “बघायला जाताना आपला दोर आम्ही नेतोच. दुसऱ्याच्या जुन्या दोरावर कोण विश्वास ठेवणार?”

नानांनी वेटोळं हातात घेतलं. दोर ताणून पाहिला, पीळ उलगडून पाहिला, नाकाला लावून पाहिला. मग हौदाकडं तोंड करून हाक मारली.

“भास्कर. हिला दे.”

दादा वळला. त्यानं नानांच्या हातातला दोर पाहिला, मग प्रणालीला पाहिलं.

“दिली,” म्हणाला.

शांतिलालशेठनी हातातल्या मोजायच्या टेपकडं पाहिलं. “मला सांगायला पायजे होतं ना, नाना. दुकानात दोराची बंडलं पडून हायेत माझ्या.”

“सांगायचं नसतंय, शेठ. आणायचं असतंय.”

शेठनी मान हलवली आणि पेढे उघडले. क्रेनवाल्याला त्यांनी तिथूनच फोन लावला. मनमोकळा माणूस आहे, हे मी आधी लिहिलंच आहे.

मी अजून त्या पडलेल्या तुळयांकडं पाहत होते. “इतकं मोडून ठेवलं तुमच्यासमोर,” मी प्रणालीला म्हणाले.

“अहो, ट्रकवर चढवायला सोडवावीच लागणार होती ना? तुमचा एक दिवस वाचला.”

मी वही उघडून पाहिली. क्र. २९: बोट सोडवणे (विकली गेल्यास), सोमवार — सर्वजण. माझंच अक्षर होतं.

फक्त पुन्हा बांधायची कशी, ते तिला पाहायचं होतं. म्हणून धपाटे खाऊन सगळे खाली बसले, आणि एक तुळई तिच्या दोरानं होडीवर बांधायची ठरली. दादानं वेढे द्यायला सुरुवात केली, नानांनी दुसरं टोक धरलं.

“आठ वेढे,” दादा म्हणाला.

“नऊ,” नाना म्हणाले.

“नाना, मी बांधलेत. सेशेल्सला बांधलेत, दोन वर्षांमागं इथं बांधलेत.”

“आन मी सोडलेत. आज सकाळी. नऊ व्हते.”

प्रणालीनं लाकडावरच्या खाचा मोजल्या. नऊ होत्या. दादा त्या खाचांकडं पाहत राहिला, आणि मग हसायला लागला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. नानांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. त्यांनी नववा वेढा दिला.

पुढच्या रविवारी प्रणाली ट्रक घेऊन आली. वहिनीनं दोन्ही होड्यांना कुंकू लावलं आणि दोन्हींच्या टोकाला भाकरीचा तुकडा ठेवला. शेड रिकामं झालं. ट्रक फाट्याला वळेपर्यंत सगळ्यांत जास्त वेळ फाटकात उभी राहिली ती वहिनीच. मी तेव्हा उरलेल्या कामांच्या खुणा करत होते.

पुढं काही दिवसांनी देवगडहून फोटो आला. निळं पाणी, वर शीड, दुधना अगदी वाकून चाललेली. दादानं फोटो मोठा करून करून पाहिला, आणि मग मोबाईल माझ्यापुढं धरला. डाव्या होडीच्या कडेला, पाण्याच्या थेट वर, पिवळ्या टेपचा एक तुकडा होता. ‘कोरड्या व थंड जागी ठेवावे.’ खाली प्रणालीनं लिहिलं होतं: निघत नाहीये.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. यादीतली एकतीसच्या एकतीस कामं झाली होती. (क्र. १७ धरून. ते जरा जास्तच झालं होतं.) पण नाना एके दिवशी चहा पिताना गोठ्यातल्या खुंट्यांकडं पाहत म्हणाले, “रिकामं दावं लई दिस टांगून ठेवू नये. त्याला जनावर आणावं लागतं.”

“चौदा बैल आणायचे का?” वहिनीनं विचारलं.

“ती बैलाची दावी हाईत का?”

दादा छपराकडं पाहत होता. या सगळ्याशी आपला काडीचा संबंध नाही, असा चेहरा त्यानं केला होता आणि तो त्याला अजिबात जमला नव्हता. वहिनीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग कप गोळा करता करता म्हणाली, “लहान असावी. परतूरच्या धरणात संध्याकाळी जावी आणि जेवायला घरी यावी. आणि माझ्या शेडमध्ये नको.”

काम अर्थातच माझ्याकडं आलं. क्र. ३२: दाव्यांसाठी लहान बोट पाहणे — मंगल. मी नीट तयारी केली. सुकाणूपासून तळाच्या रंगापर्यंत अकरा प्रश्न लिहून काढले, आणि ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत अलिबागच्या एका विक्रेत्याला फोन लावला. अकरापैकी चार विचारून झाले होते. मग त्यांनीच मला एक विचारला.

“मॅडम, चालवणार कुठं? पाणी कोणतं आहे तुमच्याकडं?”

कडक ऊन पडलं होतं. धरण तळाला गेलेलं, दुधना नदी कोरडी. खोटं बोलायची मला सवय नाही.

“पाऊस पडेपर्यंत,” मी विचारलं, “शेततळ्यात चालेल का?”

पलीकडं ते कुणाला तरी हळूच काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं, मग डब्याचं झाकण पडल्याचा आवाज, आणि मग कुणाला तरी ठसका लागला.

क्र. ३२ समोर अजून खूण नाही.